चेंडूने वाकलेलं बोट

मीरा, अमेय,

मीरा तिकडे शाळेच्या टीममध्ये गोलकीपर झाली, असं तुमच्या आईने फोनवर सांगितलं. म्हणून तुमच्या या आजीच्या ट्रंकेतल्या हिरव्या लोकरी जर्सीची हकीकत आता लिहून ठेवते.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी सांगलीच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होते. ओपीडीत ज्ञानू समोर बसला होता. कुंडलजवळच्या खेड्यातला, तिशीचा. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक खाली लोंबत होतं. "गोळी लागलीय," असं वडील सांगून बाहेर बसले होते. एक्स-रेत गोळीची खूण नव्हती. अशा लोंबत्या बोटाला मॅलेट फिंगर म्हणतात. ताठ बोटाच्या टोकावर चेंडू आदळला, की बोट उचलून धरणारी दोरी आतून तुटते.

"तुम्ही गोलकीपर होता?"

त्याने उठून दार लोटलं. "व्हय बाई. पलटणीच्या टीमचा. पगार शिपायाचा, काम गोलात हुबं ऱ्हायाचं. लढाईवर जायची पाळी आली, तवा सायब म्हणला, ह्याला ठेवा, कप जिंकायचाय."

त्याचा थोरला भाऊ त्याच पलटणीतून ब्रह्मदेशात गेला, तो परतला नाही. ज्ञानू गुडघा निकामी होऊन खेळातून सुटला आणि घरी आला. गावात घरटी एक जवान. परतलेल्यांना रविवारी हलगी लावून देवळात नेणार होते. घरच्या बायका ओवाळणार होत्या.

"वैनी ओवाळणार मला. तिचा मालक तिकडं मेला, मी हितं चेंडू धरत हुतो. सोमवारपतोर भरती करून घ्या."

"वाकड्या बोटासाठी खाट देता येत नाही."

"मग कापा की बोट!"

आवाज बाहेर गेला असावा. वडील आत आले, पागोटं काढून उभे राहिले.

"गोळीचं म्याच गावात उठवलं, बाई. लेक चेंडू धरत हुता म्हणायची लाज वाटली."

"आबा, मला वाटलं तुमास्नी खरंच वाटतंय."

"बाप हाय रं मी तुझा. चिंध्यांच्या चेंडूनं माझी बैलं बुजवायचास, ते इसरलो व्हय?"

कुणीच हसलं नाही. दोघे एकमेकांकडे न बघता गेले.

पुढच्या आठवड्यात ज्ञानू एकटाच आला. ओवाळायच्या वेळी त्याने वहिनीला सगळ्यांसमोर खरं सांगितलं होतं. हलगी थांबली. कुणी तरी ओरडलं, "आमची पोरं मेली आन् तू कप आणलास व्हय, गड्या?" वहिनीने ओवाळणं पुरं केलं, ताट खाली ठेवलं आणि आत गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"ऑपरेशन करून बघू?" मी विचारलं.

"नगं. ऱ्हाऊ द्या तसंच." त्याने पिशवीतून गोलात घालायची हिरवी जर्सी काढून टेबलावर ठेवली. "घरात ठेववत न्हाई. जाळवतबी न्हाई."

वॉर्डात लाजेसाठी खाट नसते, एवढं मी त्या नोकरीत शिकले.

जर्सी अजून आहे. उजवं कोपर विरलं आहे. कसर लागलेली नाही.