माझा सगळ्यात गाजलेला निबंध

शोधनिबंध लिहिणं हे अर्धंच काम. इतर शास्त्रज्ञांनी आपापल्या निबंधांत त्याचा उल्लेख केला, तर तो जिवंत. या उल्लेखांना सायटेशन म्हणतात, आणि इंटरनेटवर त्यांचा आकडा रोज बघण्याचं व्यसन मला आहे. बायको म्हणते, ‘इतक्या वेळा लोक वजनकाट्यावरसुद्धा चढत नाहीत.’

माझ्या बहुतेक निबंधांचे उल्लेख मी स्वतःच केलेत. अपवाद एकच. अमुक प्रथिन पेशीच्या केंद्रकात सापडतं, असं आम्ही एका अँटिबॉडीच्या मदतीनं दाखवलं होतं. अँटिबॉडी प्रथिनाला चिकटते आणि तिथे हिरवा प्रकाश दिसतो. हा निबंध कितीतरी वर्षं निपचित पडून होता, आणि मग त्याचे उल्लेख भराभर वाढायला लागले. मी प्रयोगशाळेत नोलेन गुडाचे संदेश, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाची बंगाली मिठाई, वाटली. वाटताना छोटंसं भाषणही केलं. मात्र उल्लेख करणाऱ्यांनी काय लिहिलंय, ते उघडून बघावं असं काही सुचलं नाही. वाढतोय ना आकडा, मग झालं.

निवृत्तीआधी प्रोफेसर होण्याची ही शेवटची संधी होती. इंटरव्ह्यू शहरातल्या सॉल्ट लेक भागात, आमच्याच संस्थेत होता. अर्जात हा निबंध मी सगळ्यात वर, ठळक अक्षरांत टाकला होता. समितीत बाहेरून आलेल्या एक तज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी विचारलं, याला एवढी मागणी कशी? मी नम्र चेहरा करून म्हणालो, या क्षेत्राला त्याची गरज होती.

“मीही केलाय तुमचा उल्लेख,” त्या म्हणाल्या. “वाचलात?”

“नजरेखालून गेलाय.”

“मग काय लिहिलंय मी?”

मी पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता, तरी प्यायलो.

त्यांनीच सांगितलं. ती अँटिबॉडी दुसऱ्याही एका प्रथिनाला चिकटते. म्हणजे आम्ही बघितलेला हिरवा प्रकाश भलत्याचाच. हे उघड झाल्यापासून ती वापरू नका म्हणून सांगताना जो तो उदाहरण म्हणून माझा निबंध देतो.

“म्हणजे उपयोग होतोय,” मी म्हणालो. समितीत बसलेले आमच्या संस्थेचे संचालक खोकले. ते हसू दाबत होते हे मला कळलं.

बाई हसल्या नाहीत. “नियमात आकडा बघतात, तो तुमचा भरतोय. मी आडवी येणार नाही. दुरुस्ती छापणार का, एवढं सांगा.”

हो म्हणालो. वाद घालायचं त्राणच नव्हतं.

बालीगंजला घरी परतताना बसमध्ये उभ्या उभ्या, फोनवर, ते सगळे निबंध पहिल्यांदाच उघडून वाचले. लोकांनी फार सभ्य भाषेत लिहिलं होतं. एकानं तर आमचे फोटो सुंदर आहेत असंही म्हटलं होतं.

दार उघडताच बायकोनं विचारलं, “अहो, काय झालं?”

“दुरुस्ती छापायची आहे.”

“प्रमोशनचं विचारतेय मी.”

“ते होईल बहुतेक,” मी बूट काढत म्हणालो. “आकडा चांगला आहे.”