विभावरीच्या कुंपणापलीकडची घाण

विभावरीला लिबलिबीत काहीही सोसत नसे. पुण्याला असताना फ्लॉवरमध्ये अळी निघाली की ती अख्खा गड्डा कचऱ्यात टाकायची. जर्मनीत इंगोलश्टाटला घर भाड्यानं घेताना नवरा सत्यजित म्हणाला, "मागे बाग आहे, अन्वीला खेळायला होईल," तेव्हाच तिच्या डोळ्यांपुढे मातीतल्या अळ्या आल्या होत्या.

पहिल्या वर्षी माळी येऊन गेला. यंदा मात्र सत्यजितच्या कारखान्यात कुर्त्सआर्बाइट सुरू झालं, काम कमी आणि पगारही कमी. घरमालकिणीचा करार स्पष्ट होता: हिवाळ्याआधी बाग भाडेकरूनंच आवरायची. सत्यजितच्या कमरेला पट्टा. म्हणजे राहिली कोण?

ऑक्टोबरात तिनं आधीच्या भाडेकरूच्या कंपोस्टच्या पेटीचं झाकण उघडलं आणि थेट झुडपांत ओकली. आत काळा चिखल, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. शेजारची फळी उचलली तर खाली बिनशंखाच्या गोगलगाईंची अंडी, शिजलेल्या साबुदाण्यासारखी.

"ईऽऽ, ममा! एकेलहाफ्ट!" खिडकीतून तिची लेक अन्वी किंचाळली. शिसारी आली की तिला जर्मनच सुचायचं.

"बघू नकोस मग!" विभावरी ओरडली.

त्या आठवड्यात घरात साबुदाण्याची खिचडी झाली नाही.

लायब्ररीतल्या पुस्तकात उपाय होता: ओल्या कचऱ्यात कोरडी पानं आणि फाडलेले खोके मिसळायचे, वाफ्यांवर पुठ्ठा अंथरून वर पानं पसरायची, वसंतापर्यंत तण मरतं, माती सुटते. सगळं फुकटातलं. नाकाला रुमाल बांधून आणि हातमोज्यावर हातमोजा चढवून ती रोज थोडं थोडं करू लागली. काही दिवसांत पेटीचा वास खरंच उतरला.

पानं मात्र पलीकडून येत होती. शेजारचे लिंडनर पानं उडवायच्या यंत्रानं आपली पानं कुंपणाखालून हिच्याकडे ढकलायचे. विभावरीनं चालवून घेतलं, पानं हवीच होती. मग एका सकाळी मूठभर पानं उचलताना बोटांना काहीतरी मऊ लागलं. कुत्र्याची विष्ठा. एक नाही, सगळ्या ढिगात.

तिच्याकडे कुत्रा नव्हता. लिंडनरांकडे होता, गलेलठ्ठ.

"पानं म्हणजे निसर्ग आहे," कुंपणावरून ते हसून म्हणाले.

"आणि हे?"

"कुठल्या तरी भटक्या कुत्र्याचं असेल."

इंगोलश्टाटमध्ये भटका कुत्रा! खोटं बोलताना त्यांची पापणीही लवली नाही. हातातल्या घाणीपेक्षा विभावरीला त्या हसण्याचीच जास्त किळस आली.

रविवारी लिंडनरांकडे पाहुणे कॉफीला जमलेले असताना तिनं बेल वाजवली. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. विभावरीनं गाठ मारलेली पिशवी पुढे केली.

"तुमच्या कुत्र्याचं आहे. आमच्या बागेत येतंय, रोज. पानांबरोबर."

बाईंनी पिशवीकडे पाहिलं, मग मागे वळून नवऱ्याला इतकंच म्हणाल्या, "डीटर?"

लिंडनर कपात बघत राहिले. त्या 'डीटर'मध्ये बरीच वर्षं साठलेली असावीत, असं विभावरीला वाटलं. तिला विजय वगैरे काही वाटला नाही. घरी येऊन तिनं कोपरापर्यंत हात धुतले.

त्यानंतर ढीग आला नाही. एकदा लिंडनरबाईंनी नार्सिससच्या पिवळ्या फुलांचे जादा कंद कुंपणावरून दिले. विभावरीनं ते घेतले, धुतले आणि लावले.

मार्चअखेर वाफे फुलांनी पिवळे झाले. पुठ्ठा कुजून गेला होता, पेटीच्या तळाची माती भुसभुशीत निघाली. घरमालकीण 'शोन, शोन' असं कौतुक करत फिरली. तिला ऐकू जाईल असं लिंडनर कुंपणापाशी म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर! खत आमच्या पानांचं आहे ना!"

सत्यजित हसला. "जाऊ दे गं."

विभावरी हसली नाही. बुटाच्या टाचेला लागलेली गोगलगाय तिनं काडीनं खरवडली, नाक मुरडलं आणि आत निघून गेली.