डेल्फाची डॉक्टरी गोळी

डेल्फा रॅटलिफच्या जिभेला न भिणारा माणूस त्या खोऱ्यात एकच होता, तिचा नवरा. आणि तोही मेल्यावरच भ्यायचा थांबला.

केंटकीच्या डोंगरातल्या त्या खाणगावात, शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म काढला. पोरांना वाढता वाढता कोणाचा बाप कुठे पिऊन पडला होता, हे ती सगळ्या रांगेला ऐकवायची. धाकटा दीर होबर्ट एकदा हातभट्टीची ढोसून दारात आला, तेव्हा तिने भर बर्फात आतून कडी घातली. तो कोंबड्यांच्या खुराड्यात निजला. पुढे होबर्टने दारू सोडली, तो नळकाम शिकला, माणसांत आला. पण वहिनीच्या लेखी बेवडा तो बेवडाच.

एक दिवस घेवड्याचा भरलेला टोप उचलताना डेल्फाच्या कमरेतला मणका सरकला. गावातल्या डॉक्टर केंड्रिकने नवी गोळी लिहून दिली.

"ही अफूच्याच कुळातली ना?" तिची मुलगी ट्वायला हिने विचारलं.

"खरं दुखणं असलेल्याला व्यसन लागत नाही," डॉक्टर म्हणाले. हे त्यांना गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या एका गुळगुळीत पोराने सांगितलं होतं. तो दवाखान्यात डोनटचे खोके घेऊन यायचा. भिंतीवरचं घड्याळही त्यानेच दिलेलं, गोळीचं नाव छापलेलं. रोग्याला वेळ कळो न कळो, गोळी कळायची.

डेल्फाने डॉक्टरांचं ते वाक्य बायबलच्या वचनासारखं पाठ केलं. गोळीने कंबर शांत झाली, यात खोटं नाही. कित्येक महिन्यांनी ती चुलीपाशी उभी राहून गाणं गुणगुणली. पण कमरेबरोबर पोटही शांत झालं, आणि इतकं की आठवडा आठवडा हूं की चूं नाही. सुक्या आलुबुखाराचे डबे संपले, एरंडेल झालं. शेवटी रविवारी चर्चमध्ये पाळकांनी "भगिनी डेल्फाच्या आतल्या अडथळ्यासाठी" सगळ्यांना प्रार्थनेला उभं केलं. अडथळा हलला नाही. गोळीची खाज अशी की नाक खाजवून खाजवून लाल झालं. प्रवचनात तिची मान छातीवर पडायची, आणि पाळकांना वाटायचं, काय ही तल्लीनता.

हळूहळू गोळीचा अंमल पुरेना. डॉक्टर म्हणाले, दुखणं वाढलंय. त्यांनी गोळी वाढवली. तीही अपुरी पडू लागली. मग रात्रीची गोळी दुपारीच पोटात जायची, आणि दवाखान्यात सांगायचं की बाटली मोरीत सांडली.

"आई, हे जरा जास्तच होतंय," ट्वायला एकदा म्हणाली.

"मी काय होबर्ट आहे? मला डॉक्टरने सही करून दिलंय."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

आणि एका सोमवारी दवाखान्यालाच टाळं लागलं. केंड्रिक वाटेल त्याला गोळ्या लिहून देत होता, म्हणून सरकारी माणसं त्याला घेऊन गेली. बंद दारासमोर चर्चचं अर्धं गायकमंडळ ताटकळत उभं होतं.

दोन दिवसांत डेल्फाच्या नाकातून पाणी वाहू लागलं. जांभयांवर जांभया, अंगावर काटा, झोपेत पाय आपोआप झाडले जात. आणि तुंबलेलं पोट असं मोकळं झालं की मंडळींची प्रार्थना फळली म्हणावं, पण भलत्याच मुहूर्तावर. ट्वायलाला वाटलं, फ्लू. डेल्फालाही तसंच वाटायला हवं होतं. पण तिला ठाऊक होतं की एका गोळीने हा फ्लू पळेल.

शेजारच्या इनेझच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. डेल्फाने मक्याचा पाव भाजला आणि तिच्याकडे नेला. दोन शब्द विचारपूस केली न केली, तोच म्हणाली, "जरा बाथरूमला जाऊन येते."

आत जाऊन तिने आरशामागचं औषधांचं कपाट उघडलं आणि बाटल्या उलट्यापालट्या करू लागली.

"वहिनी, ती तिथे नाही," पायाशी आवाज आला. "इनेझने पिठाच्या डब्यात लपवलीय. हल्ली सगळ्यांनाच तिच्याकडे बाथरूमला जायचं असतं."

बेसिनखाली होबर्ट पाना घेऊन उताणा पडला होता.

डेल्फा टबच्या काठावर बसली. तिने बाहीने नाक पुसलं.

"मला सर्दी झालीय," ती म्हणाली.

"मलाही झाली होती अशीच. खुराड्यात." तो हात पुसत उठला. "चला, गाडीत बसा."

"लोक काय म्हणतील?"

"तुम्ही माझ्याबद्दल म्हणायचात तेच म्हणतील. त्याने मरत नाही माणूस, मी पाहिलंय."

त्याने तिला डोंगरापलीकडच्या शहरात नेलं. वाटेत तिला चारदा उतरावं लागलं. तो दर वेळी पाठ करून उभा राहिला.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, पण चेहऱ्यावर मऊपणा नव्हता. "शरीराला सवय लागली, हा दोष तुमचा नाही," ती म्हणाली. "ती गोळी घेणाऱ्या कुणालाही लागते. पण नेमून दिल्यापेक्षा जास्त घेणं, खोटं बोलणं, दुसऱ्याचं कपाट धुंडाळणं, याला व्यसन म्हणतात. आता मी देईन तेवढीच घ्यायची, आणि ती थोडी थोडी उतरवायची. कोणाची उसनी अजिबात नाही. उसन्या गोळीने झोपेत श्वास थांबलेली माणसं मी पाहिलीत."

गोळी उतरवायला वर्ष सरत आलं. मध्ये एकदा पाय घसरलाच. तेव्हा डेल्फाने स्वतःच होबर्टला फोन केला आणि वर त्यालाच बोलली. कंबर पूर्ण बरी झाली नाही. डॉक्टरणीने व्यायाम दिले. ते करताना ती डॉक्टरणीच्या सात पिढ्या उद्धरते. गुळगुळीत पोराला, म्हणे, बढती मिळाली.

दर गुरुवारी चर्चच्या तळघरात व्यसन सोडणाऱ्यांची बैठक भरते. डेल्फा होबर्टशेजारी बसते. कोणी विचारलंच तर सांगते, ती फक्त बिस्किटं पोचवायला येते.

"मग बैठक संपेपर्यंत थांबता कशाला, वहिनी?" होबर्ट म्हणतो.

"मग रिकामं ताट काय तू धुऊन आणणार?"

तो म्हणतो, आणेन की. ती ताट त्याच्या हातात देत नाही.