बाबांचा मासेमारीचा परवाना

जूनमधल्या एका सकाळी पोहे खाता खाता बाबा म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करून दे. मले जायचं आहे."

आई गेली त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. नागपूरच्या फ्लॅटमध्ये बाबा एकटे नकोत म्हणून मी त्यांना हट्टानं इकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीला आणलं होतं. परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं. तोवर ते जरा सावरतील, निदान चार घास नीट खायला लागतील, असा माझा हिशोब होता. ते तिकडे एकटे राहणार, दूधभातावर दिवस काढणार, आणि मला फोनवर रोज 'जेवलो' म्हणून सांगणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्याची मला मनापासून भीती वाटत होती.

"पण का बाबा?"

"इथं मले काही काम नाही. तुम्ही तिघं सकाळी निघून जाता. मी खिडकीतून दुसऱ्यांची लॉन पाहत बसतो."

ते खरंच होतं.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. मी आयटीत आहे. सकाळच्या मीटिंगमध्ये प्रत्येकानं आपलं काम कुठवर आलं ते सांगायचं असतं. वीस वर्षांत माझी भाषा ठरून गेली आहे. 'ऑलमोस्ट डन' म्हणजे मी अजून काहीही उघडलेलं नाही. 'डन' म्हणजे उघडलं आहे. बाबांनी तीन दिवस सलग तिकिटाचं विचारल्यावर चौथ्या दिवशी माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "झालं बाबा. सव्वीस जुलैचं मिळालं."

काहीही झालं नव्हतं. सव्वीसच्या आत त्यांचं मन बदललं की खरं सांगायची वेळच येणार नाही, असा मी विचार केला. आणि नाही बदललं तर? तो विचार मी पुढच्या आठवड्यावर ढकलला. बाबांनी मात्र दुसऱ्याच दिवशी कपाटावरची बॅग खाली काढली.

मग मी मोहीम उघडली. बाबांना मॉलमध्ये सकाळी फिरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या ग्रुपमध्ये सोडलं. ते एक फेरी मारून बाकावर बसले आणि सगळे गोल गोल फिरून कुठे चालले आहेत, असं त्यांनी मला विचारलं. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला नेलं. तिथे एका काकांनी त्यांना दीड तास स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. घरी येऊन बाबांनी बॅगेत आणखी दोन शर्ट भरले.

मदत आली ती अनपेक्षित दिशेनं. माझी मुलगी अकरा वर्षांची. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. उन्हाळी शिबिरात तिला मासे पकडायला शिकवलं होतं. एका संध्याकाळी तिनं जेवताना जाहीर केलं, "आजोबा, यू शुड कम फिशिंग विथ मी. बास फिशिंग. इट्स सो मच फन."

बास हा इथल्या तळ्यातला हिरवट मासा. त्याचं तोंड एवढं मोठं, की बाकीचा मासा त्या तोंडाच्या सोयीसाठी मागे जोडल्यासारखा वाटतो. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण मी लगेच अभ्यासाला लागलो. आमच्या पिढीला कुठलीही गोष्ट परीक्षेसारखीच करता येते. मी अकरा व्हिडिओ पाहिले, वहीत नोट्स काढल्या, पाण्याचं तापमान आणि गळाचा आकार यांचा तक्ता केला. दुकानात जाऊन तीन रॉड, तीन रिळं आणि रबरी गांडुळांची सात पाकिटं आणली. जांभळी, काळी, चकचकीत हिरवी. बायको पाकिटं पाहून म्हणाली, "फ्रिजमध्ये ठेवशील तर याद राख."

अडचण बाबांची होती. ते रोज सकाळी अंघोळ करून किचनमधल्या शेल्फवरच्या बुद्धमूर्तीसमोर पंचशील म्हणतात. त्यातलं पहिलंच शील जीवहत्या करणार नाही असं आहे. दुसरीकडे आम्ही मूळचे भंडाऱ्याचे, तळ्यांच्या मुलखातले, आणि रविवारी ताटात मासा नसेल तर बाबांचा चेहरा पडायचा. ही गोष्ट आईनं चाळीस वर्षं परस्पर मिटवली होती. मारायचा मासेवाला, आणायची आई, आणि बाबांचा संबंध थेट रश्श्याशी.

"आपण मारायचा का त्याले?" बाबांनी नातीला विचारलं.

"नो नो. कॅच अँड रिलीज. पकडायचा अँड देन सोडायचा."

"सोडायचा? मग पकडायचा कायले?"

"फॉर फन!"

"त्याले विचारलं का, फन येते का म्हणून?"

मुलगी विचारात पडली. हा प्रश्न शिबिरात कोणी काढला नव्हता. बाबाही विचारात पडले. सरकारी खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांच्याकडून लगेच उत्तर येत नाही. दोन दिवसांनी आलं. "मारणं नाही हे कबूल. पण त्रास आहेच. मी येतो, नुसता बसतो. रॉड हातात घेईन, पोरीचं मन मोडत नाही. पण परवाना लागत असंल तर आधी परवाना."

परवाना लागत होता. सोळा वर्षांखालच्यांना नको, बाकी सगळ्यांना हवा. वडीलधाऱ्यांचा मान म्हणून मी फोनवर आधी बाबांचा आठवड्याचा परवाना काढला, एकोणीस ते पंचवीस जुलै. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. तो संपल्यावर बाबांनी विचारलं, "तुझा?"

"झालं," मी म्हणालो.

बाबांनी आपल्या परवान्याच्या तीन प्रती छापून घेतल्या. एक खिशात, एक पाकिटात, आणि एक पासपोर्टच्या झेरॉक्सबरोबर प्लास्टिकच्या फाइलमध्ये. पहिल्या दिवशी तळ्यावर जाताना रॉड मी उचलले, खुर्ची मुलीनं उचलली, आणि बाबांनी फाइल उचलली.

तळ्याकाठी मी व्हिडिओतलं सगळं ज्ञान एकदम पणाला लावलं. पहिल्या फेकीत माझं जांभळं गांडूळ मागच्या झाडावर गेलं. दुसऱ्या फेकीत रिळाची कडी उघडायची राहिली आणि ते माझ्याच टोपीवर आपटलं. तिसऱ्या फेकीत रिळातल्या दोऱ्याचा असा गुंता झाला, की मी पाऊण तास गवतात मांडी घालून तो सोडवत बसलो. तोवर मुलीनं एक मासा काढला, खालच्या ओठाला अंगठ्यानं धरून आजोबांना दाखवला आणि अलगद पाण्यात सोडला. बाबांचा रॉड तिनंच तयार करून दिला होता. ते खुर्चीवर ताठ बसून पाण्याकडे बघत होते.

तेवढ्यात गणवेशातल्या एक अधिकारी बाई आल्या. हसून नमस्कार-चमत्कार झाले आणि त्यांनी परवाने मागितले. बाबा उभे राहिले. शर्टाची कॉलर नीट केली, फाइल उघडली आणि कागद दोन्ही हातांनी पुढे केला. बाईंनी तो पाहिला आणि कौतुकानं मान हलवली. मग त्या माझ्याकडे वळल्या.

मी फोन काढला. ईमेल शोधला. पुन्हा शोधला. मग मला आठवलं, की फोन संपल्यावर मी 'झालं' म्हणालो होतो, एवढंच काय ते झालं होतं.

बाई भल्या होत्या. चूक होते, आज रॉड खाली ठेवा, घरी जाऊन परवाना काढा, म्हणाल्या. मी सुटलो असं वाटून श्वास सोडला, तोच बाबांनी नातीला विचारलं, "काय म्हणते ती?"

"शी इज लेटिंग हिम गो, आजोबा. जस्ट अ वॉर्निंग."

"तोंडी?" बाबांचा आवाज चढला. "तोंडी ताकिदीले काही अर्थ नाही. लेखी द्या म्हणा. माझा पोरगा आहे म्हणून सोडू नका म्हणा."

मुलीनं शब्दन् शब्द भाषांतर केलं, वर एका अक्षराची सूट दिली नाही. बाई आधी बाबांकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वही काढून खरोखरच लेखी ताकीद लिहून दिली. बाबांनी ती वाचली, सही आहे का पाहिली आणि फाइलमध्ये स्वतःच्या परवान्यामागे लावून टाकली.

परतताना मी गाडी चालवत होतो. मागच्या सीटवरून विचित्र आवाज यायला लागला. आरशात पाहिलं तर बाबा हसत होते. तोंडावर रुमाल धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नात त्यांच्या अंगावर रेलून हसत होती. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. माझी अब्रू गेली होती, आणि मला इतका आनंद झाला होता, की वळण चुकून मी सरळ पुढे गेलो.

त्या रात्री मी माझा परवाना काढला आणि बाबांना दाखवला. त्यांनी तारीख तपासली.

मग आम्ही रोज जायला लागलो. मी ऑफिसात कॅलेंडरवर 'डेंटिस्ट' लिहून चार वाजता निघत होतो. आठवड्यात चार डेंटिस्ट झाल्यावर मॅनेजरनं काळजीनं चौकशी केली. बाबा तीनपासूनच बूट घालून तयार असायचे. मुलीनं आठवड्यात सहा मासे काढले. मला एक मिळाला, तोही माझ्या तळहातापेक्षा लहान. तरी मी त्याचे नऊ फोटो काढले. बाबांना एकही नाही.

याचं मला फार वाईट वाटत होतं. एक जरी मासा लागला तर ते थांबतील, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून मी त्यांच्या मानेशी उभा राहून सूचना देत होतो. "बाबा, ओढलं, ओढलं! झटका द्या! वर घ्या!" त्यांच्या रॉडचं टोक वाकायचं, थरथरायचं, आणि बाबा शांतपणे बघत राहायचे. मग दोरा सैल पडायचा. "गेला," ते म्हणायचे. मी कपाळावर हात मारून घ्यायचो. त्यांच्यासाठी आणखी चार व्हिडिओ पाहिले.

पंचवीस तारीख उजाडली. शनिवार होता, म्हणून सकाळीच गेलो. घरी बॅग भरून, कुलूप लावून, दाराशी उभी होती. मला रात्रभर नीट झोप नव्हती. उद्या त्यांना विमानतळावर नेऊन मी काय सांगणार होतो? बाबांच्या रॉडचं टोक पुन्हा वाकलं, पुन्हा दोरा सैल पडला, आणि माझा तोल सुटला.

"बाबा, सात दिवस सांगतोय, झटका द्या! द्या इकडे, गळच बघतो."

मी दोरा गुंडाळून गांडूळ हातात घेतलं. बाससाठी गळाचं टोक गांडुळाच्या पोटात लपवतात, म्हणजे ते शेवाळात अडकत नाही. मी गांडूळ दाबलं, वाकवलं, शेवटी मधून फाडलं. आत काहीच नव्हतं. दोरा नुसता रबराला बांधलेला होता.

"पप्पा, देअर्स नो हूक," मुलगी म्हणाली. "आजोबा आस्क्ड मी. फर्स्ट डे."

"सात दिवस? बिनगळाचं?" मी ओरडलो. पलीकडच्या काठावरचा एक माणूस वळून पाहायला लागला.

"तो येतो," बाबा म्हणाले. "तोंडात धरतो, ओढून पाहतो, आवडलं नाही की सोडून देतो. मले हाताले कळते. त्याले त्रास नाही, मले त्रास नाही. त्रास तुलेच होऊन राहिला." मग म्हणाले, "तुझी आई गेल्यापासून मी कशाची वाटच पाहिली नव्हती रे. इथं बसलो की पाहतो."

मी त्यांच्या खुर्चीजवळ गवतात बसलो. आता लपवण्यात काही राम नव्हता.

"बाबा, तिकीट बदललेलं नाही. मी खोटं बोललो. ते ऑक्टोबरचंच आहे. उद्या तुमचं विमान नाही."

बाबांनी पाण्यावरची नजर काढली नाही. "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"पस्तीस वर्षं नोकरी केली. 'झालं' म्हणणाऱ्याची फाइल मी आधी उघडून पाहत होतो. तू बोलला त्याच्या दुसऱ्याच दिवशी विमान कंपनीले फोन लावला. तिथल्या पोरीनं सांगितलं, काका, तुमचं तिकीट ऑक्टोबरचं आहे."

"मग बॅग कशाला भरलीत?"

"तुले लाज वाटून तू सांगशील म्हणून. नाही सांगितलं. शर्ट भरून भरून कंटाळलो मी."

"अहो, पण मग मला सरळ विचारायचं ना!"

"तळ्यावर येईपर्यंत रागानं नाही विचारलं," बाबा म्हणाले. नात त्यांच्या दोऱ्याला नवं गांडूळ बांधत होती, त्यांनी रॉड तिच्याकडे कलता केला. "आणि हा आठवडा म्हणशील, तर विचारलं असतं तर जावं लागलं असतं."