कातडी खरवडणाऱ्या बायांचा पुतळा

चामड्याचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती, तरी दमट हवेत जुन्या गल्ल्यांना अजून तो कुबट वास यायचा. शिल्पकारबाईंना त्या वासाची कधी किळस वाटली नाही. त्यांच्या मावशीची उमेदीची वर्षं त्याच कारखान्यात गेली होती. चुन्याच्या पाण्यातली कातडी खरवडून खरवडून तिची नखं गेली होती. म्हणूनच चौकात त्या कामगार बायांचं दगडी शिल्प उभारायचं ठरलं, तेव्हा बाईंनी काम हौसेनं अंगावर घेतलं.

मातीचा नमुना त्यांनी जीव ओतून केला. वाकलेल्या पाठींच्या तीन बाया, तोंडाला बांधलेली फडकी, ओंडक्यावर पसरलेलं ओलं कातडं, सुजलेली बोटं.

शिल्प उभारणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणजे कारखान्याच्या मालकाचे नातू. बिस्कीट खात ते नमुन्याभोवती फिरले.

"फार भेसूर झालंय हो. लोक चौकात चार घटका बसायला येणार. पाठी जरा सरळ करा, चेहरे हसरे करा. आणि कातड्याऐवजी फुलं चालतील?"

"कारखान्यात फुलं?"

"अहो, प्रतीक म्हणून!"

बिस्किटाचा चुरा मातीच्या एका बाईच्या पाठीवर सांडला. अध्यक्षांनी तो बोटानं झटकला. शिल्पकारबाईंनी नमुन्यावर ओलं फडकं टाकलं.

घरी येऊन त्यांनी दोन चित्रं काढली, एक वाकलेल्या बायांचं, एक अध्यक्षांना हव्या तशा हसऱ्या बायांचं, आणि दोन्ही मावशीसमोर आपटली. "सोडते मी हे काम. शिसारी आलीय मला."

मावशी हसऱ्या बायांकडे बघत राहिली. "हेच कर."

"अगं, हे धडधडीत खोटं आहे!"

"असू दे. जन्मभर लोकांनी आम्हाला बघून नाकाला पदर लावला. दगडात तरी स्वच्छ राहू दे की आम्हाला."

बाईंनी तेच केलं. गालावरची खळी कोरताना मळमळायचं. छिन्नी ठेवून त्या बाहेर जायच्या, थुंकायच्या आणि परत येऊन कोरायच्या.

अनावरणाला अध्यक्ष म्हणाले, "आजोबांनी या भगिनींना पोटच्या लेकींसारखं सांभाळलं." टाळ्या पडल्या. मावशीनंही वाजवल्या. चौथऱ्यावर माझं नाव नको, असं बाईंनी आधीच कळवलं होतं. अध्यक्षांच्या ते पथ्यावरच पडलं. त्या जागेत आजोबांचं नाव तेवढं मोठं कोरता आलं.

त्यानंतर बाईंनी पुतळ्याचं काम घेतलं नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यांचे दगड कापून देतात. मावशीला मात्र संध्याकाळी चौकात जायचं असतं. बाई तिला हाताला धरून नेतात, पुतळ्यासमोरच्या बाकावर बसवतात आणि स्वतः पुतळ्याकडे पाठ करून उभ्या राहतात.