थंड खोलीतलं सयामी मांजर

शहराबाहेर, कारखान्यांच्या वस्तीत, बीरगावच्या आमच्या घरात अभ्यासाला जागा नव्हती. वडील कारखान्यातून रात्रपाळी करून यायचे आणि एकुलत्या खोलीत दिवसा झोपायचे. मी कॉलेजात गेले तेव्हा शहरातल्या बुढापारा या जुन्या वस्तीतल्या एका मराठी जोडप्याने मला वरची खोली दिली. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, काकू घर सांभाळणाऱ्या, मूलबाळ नाही. आमच्या घराण्यातली पहिली पदवी मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करून मिळवली. पुढे शंकर नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागले, तरी ती खोली सोडवली नाही.

त्या घरातलं सयामी मांजर काकांना एका जुन्या सोबत्याने दिलं होतं. पिल्लू आणलं तेव्हा दुधासारखं पांढरं होतं.

"हे तं आपल्या गल्लीतल्यासारखंच आहे," काकू म्हणाल्या. "फसवलं तुमाले!"

"थांब जरा," काका हसले.

काही आठवड्यांत कान तपकिरी झाले, मग तोंड, पंजे, शेपूट. अंग मात्र सायीच्या रंगाचं, लांब, सडपातळ. तोंड त्रिकोणी, डोळे निळे आणि किंचित तिरळे. आवाज तान्ह्या मुलासारखा. त्याला एकटं राहणं जमायचं नाही. काकांच्या मागे मागे फिरायचं, त्यांच्या बोलण्याला उत्तरं द्यायचं.

काकांना थंडी अजिबात सोसायची नाही. दिवाळी झाली की तपकिरी माकडटोपी, हातमोजे, पायमोजे आणि वर सायीच्या रंगाची शाल. माझ्या खोलीत आले तरी गोल चष्म्यातून पंख्याकडे बघायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "पोट्टे, पंखा कमी कर."

"दोघं एकाच दुकानातून कपडे घेऊन राहिले," काकू चिडवायच्या.

काका त्या जातीबद्दल वाचून आम्हाला सांगायचे. सयाम म्हणजे आजचा थायलंड. तिथल्या राजवाड्यांत ही मांजरं असायची, आणि राजघराण्यातलं माणूस गेलं की त्याचा जीव मांजरात येतो अशी एक कथा आहे. दुसरी गोष्ट मला जास्त आवडायची. या मांजराचा रंग थंडीने ठरतो. अंग ऊबदार राहतं तिथे गोरं, कान-शेपूट थंड पडतात तिथे काळं. मी हे वर्गातही सांगितलं होतं. काकूंनी या दोन्ही गोष्टी एकत्र बांधून ठेवल्या आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

एका पावसाळ्यात काका गेले.

त्यानंतर काकूंनी त्यांच्या खोलीत एसी बसवून घेतला, आणि दिवाळी आली तरी तो बंद झाला नाही. काकू तिथेच झोपायच्या. मांजर काकांच्या वेताच्या खुर्चीत बसलेलं असायचं आणि दर आठवड्याला थोडं काळं होत होतं. पाठीवर तपकिरी छटा आली. तोंडाचा रंग कपाळावर चढून कानांना जाऊन मिळाला.

"टोपी घातली त्यायनं," काकू शांतपणे म्हणाल्या.

काकूंना दमा होता. खोकला वर माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, थंड खोली सोडा, नाहीतर एक दिवस श्वास साथ देणार नाही. काकू मान हलवायच्या आणि घरी येऊन एसी आणखी थंड करायच्या.

एका संध्याकाळी मी शाळेतून परतले, तर खोलीतून बोलणं ऐकू आलं.

"चहा ठेवू का?"

शांतता. काका कोणत्याही प्रश्नाला लगेच उत्तर द्यायचे नाहीत. आधी घसा खाकरायचे, थांबायचे, मग बोलायचे. आतून खरखर आली. तेवढाच थांबा पडला. मग मांजर खालच्या आवाजात ओरडलं. मी चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"काकू, हा रंग थंडीचा आहे," मी आत जाऊन म्हटलं. "काकांनीच तं सांगितलं होतं."

"हव," त्या म्हणाल्या. "म्हणून तं चालू ठेवते."

माझं सगळं विज्ञान तिथेच संपलं. ज्या बाईने मला शिकवून उभं केलं, ती माझ्यासमोर धापा टाकत होती.

दुसऱ्या दिवशी दार किलकिलं दिसताच मांजर सुटलं आणि गच्चीवर उन्हात जाऊन पडलं. काकू त्याला धरायला जिना चढू लागल्या आणि मधेच भिंतीला टेकल्या. ओठ निळसर झाले होते. मी त्यांना बसवलं. मग मला मुळीच पटत नसलेलं वाक्य मी बोलले.

"काकू, काकांना थंडी सोसायची का?"

त्यांनी वर गच्चीच्या दाराकडे पाहिलं.

"मग त्यायले काहून थंडीत ठेवून राहिल्या?"

त्या भिंत धरून उठल्या. मग खाली जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने एसी बंद केला.

उन्हाळा चढला. मांजराचे गडद केस गळू लागले, नवे फिके आले. काकूंचा खोकला कमी झाला. मला हायसं वाटायला हवं होतं. पण काकू लुगड्यावरचा एकेक तपकिरी केस वेचायच्या आणि म्हणायच्या, "जाऊन राहिले." तेव्हा मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी मी काकांच्या खोलीत वह्या तपासत बसले होते. डोक्यावर पंखा जोरात फिरत होता. मांजर खुर्चीत बसलं होतं. त्याच्या दोन्ही डोळ्यांभोवतीचे केस फिके पडले होते, दोन स्वच्छ, गोल कडी. उष्णतेने असं होतं, मला माहीत आहे.

काकू दारात उभ्या होत्या. "चष्मा लावला," त्या हळूच म्हणाल्या.

मांजराने पंख्याकडे मान वर केली. घशात खरखर झाली. ते थांबलं. मग एकदाच ओरडलं.

काय करते आहे हे कळायच्या आत मी उठले होते आणि माझा हात पंख्याच्या बटणावर होता.