इंद्रायणी घराण्याचे ओव्हाळ सर

ओव्हाळ सर कुठल्याही खोलीत शिरले की आधी तिथल्या एखाद्या वस्तूवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. बाक, कपाट, पाण्याचं पिंप, काहीही. मग मान तिरकी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "ह्ये पिंप काळी दोनच्या सुरात हाय." प्राचार्यांच्या केबिनमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी प्राचार्यांचं टेबल वाजवलं आणि म्हणाले, "वरनं सागवान दिसतंय सर, पर आतनं भुसा हाय." ते टेबल फर्निचरवाल्यानं अस्सल सागवानी म्हणून गळ्यात मारलेलं होतं. आपण फर्निचरवाल्यावर रागवावं की ओव्हाळांवर, हे प्राचार्यांना त्या दिवशी ठरवता आलं नाही. पुढे त्यांनी तो राग ओव्हाळांवर काढला.

लोणावळ्याच्या अलीकडच्या त्या छोट्या कॉलेजात मी मराठी शिकवत होते. नव्या नियमानुसार प्रत्येक विद्यार्थ्यानं एक कलाविषय घेणं सक्तीचं झालं, तेव्हा आमच्याकडे चित्रकला की संगीत अशी चर्चा झाली. चित्रकलेला ब्रश धुवायला बेसिन लागतं आणि संगीताला पेटी. बेसिन नव्हतं. पेटी होती, कुठल्या तरी जुन्या स्नेहसंमेलनातली, स्टोअररूममध्ये. अशा रीतीनं आमचा संगीत विभाग सुरू झाला.

पेटीचा भाता उंदरांनी खाल्लेला निघाला. तो दुरुस्त करायला भाजे गावाहून बबन ओव्हाळ आले. पन्नाशीचे, ठेंगणे, डाव्या हाताची शेवटची दोन बोटं अर्ध्यात संपलेली. त्यांनी भाता बसवला, सूर तपासायला म्हणून दारात जमलेल्या मुलींपैकी एकीला म्हणाले, "ए बाय, ह्याच्यात आवाज मिसळ बरं." ती मुलगी माझ्या वर्गात हजेरीलासुद्धा तोंड उघडत नसे. तिनं आवाज मिसळला. मग दुसरीनं, मग तिसरीनं. अर्ध्या तासात व्हरांड्यात गर्दी झाली. प्राचार्यांनी हे पाहिलं आणि ओव्हाळांना तासिका तत्त्वावर ठेवून घेतलं, कारण त्यांना पेटी दुरुस्त करणारा आणि शिकवणारा एकाच माणसात मिळत होता.

विभागप्रमुख मात्र रीतसर होते, डॉ. केसकर. दुभत्या जनावरांवर होणारा रागसंगीताचा परिणाम या विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. ते बारा महिने गळ्याला मफलर गुंडाळत आणि कुणी गाण्याचा आग्रह केला तर म्हणत, "घसा सध्या विश्रांतीवर आहे." मी त्यांना ओळखू लागल्यापासून तो विश्रांतीवरच होता. केसकर फळ्यावर रागांची वेळापत्रकं लिहून देत. मुलं ती उतरवून घेत आणि मग शेजारच्या खोलीत ओव्हाळांकडे गायला जात.

असं सुखानं चाललेलं असताना कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार असल्याचं पत्र मार्चमध्ये आलं. प्राचार्यांनी मला बोलावलं. "मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे. संगीत विभागाच्या शिक्षकांचे परिचय तुम्ही लिहा. चार पानी पुस्तिका छापू. वजनदार झाली पाहिजे."

केसकरांनी स्वतःचा परिचय टाईप करूनच दिला. त्यात एका थोर गायकांचा 'प्रदीर्घ सहवास' होता. मी सहज विचारलं तेव्हा कळलं, की ते गायक एकदा कार्यक्रमाला आले असताना केसकरांनी त्यांचा तंबोरा लोणावळा स्टेशनपासून सभागृहापर्यंत नेला होता. "रिक्षा मिळत नव्हती," केसकर म्हणाले, "म्हणून प्रदीर्घ."

ओव्हाळांनी वहीच्या अर्ध्या कागदावर पेन्सिलीनं लिहून आणलं होतं. वडील केरू ओव्हाळ, खडी फोडायचं काम, जयंतीच्या जलशात गायचे, त्यांच्याबरोबर लहानपणापासून ढोलकी. मग नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर. तिथं बोटं गेली. ढोलकी सुटली म्हणून पेटी धरली. लग्नाच्या बँडमध्ये काही वर्षं. शिरगावच्या साईमंदिरापाशी भजनी मंडळींना पेटीची साथ. शनिवार-रविवारी रिसॉर्टमध्ये कीबोर्ड.

"डाव्या हातानं भाताच तर हलवायचा असतो," ते म्हणाले. "त्याला तीन बोटं बास झाली. ढोलकीला न्हाई चालत."

"सर, तुम्ही बौद्ध. साईभजनांना साथ करताना घरून कुणी काही बोललं नाही?" मी विचारलं.

"त्यांना पेटी पायजे हुती, माझ्याकडं हुती. बोलायचं काय त्यात?"

तो कागद मी प्राचार्यांना दाखवला. त्यांनी कपाळाला हात लावला. "प्रेस मशीन? लग्नाचा बँड? मॅडम, ही समिती आहे, कामगार भरतीची रांग नाही." मग आम्ही दोघांनी मिळून तो कागद सुधारला. खरं सांगायचं तर बहुतेक मीच सुधारला, आणि मला त्यात मजाही आली. प्रेस मशिनचा झाला 'औद्योगिक लयतत्त्वांचा प्रत्यक्ष अभ्यास'. लग्नाच्या बँडचं झालं 'वाद्यवृंद संयोजन'. रिसॉर्टचं झालं 'देशविदेशांतील रसिकांसमोर सादरीकरण'. खडी फोडणारे केरू ओव्हाळ काही केल्या बसेनात. शेवटी प्राचार्यांनी खिडकीबाहेर नदीकडे पाहिलं आणि त्यांना स्फुरलं. "इंद्रायणी घराणं! लिहा. इंद्रायणी घराण्याच्या शतकांच्या परंपरेचे वारसदार." केरू ओव्हाळांच्या नावावर मी रेघ मारली.

छापलेली पुस्तिका मी ओव्हाळ सरांना दिली. त्यांनी बोट ठेवून ठेवून ती वाचली.

"ह्यो मानूस कुटं ऱ्हातो?" त्यांनी विचारलं.

मी हसले.

"न्हाई, लय मोठा दिसतोय. भेटला तर मी बी शिकीन त्याच्याकडनं." मग पान उलटून पाहत ते म्हणाले, "आमच्या आबांचं नाव ऱ्हायलं वाटतं."

"जागा कमी पडली, सर."

त्यांनी मान हलवली आणि पुस्तिका नीट घडी घालून खिशात ठेवली.

समितीत तिघे होते. अध्यक्षा एक वृद्ध बाई होत्या, स्वतः आयुष्यभर गाणं शिकवलेल्या. बाकी दोघांना धुकं दाटायच्या आत पॉइंटवर जायचं होतं. प्राचार्यांनी ओव्हाळांना उसना रेशमी कुडता घालायला लावला होता आणि बजावलं होतं, "जास्त बोलू नका. विचारलं तर 'इंद्रायणी घराणं' एवढंच म्हणा."

बाईंनी आधी केसकरांना दोन ओळी गायची विनंती केली. केसकरांनी मफलरला हात लावला. बाई समजून हसल्या आणि ओव्हाळांकडे वळल्या.

"आपण कुणाकडे शिकलात?"

"वडलांकडं."

"आणि घराणं?"

प्राचार्य ओठ हलवून 'इंद्रायणी, इंद्रायणी' करू लागले. ओव्हाळांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"घराणं भाज्यात हाय," ते म्हणाले. "मळवली स्टेशनावरनं चालत या. दोन खोल्या हायत, म्होरं पडवी. आबा तितंच शिकवायचे. दिवसा खडी फोडायचे, म्हनून हातात ताल पक्का हुता."

एक सदस्य घड्याळ बघायचे थांबले. बाई खुर्चीवरून उठल्या आणि सरळ पेटीसमोर सतरंजीवर येऊन बसल्या. "मुलांना गाऊ द्या," त्या म्हणाल्या.

मुलं गायली. नवलाख उंबऱ्याची, शिरगावची, डोंगरातल्या वाड्यांवरची मुलं. काहींच्या उच्चारात 'ण' नव्हता, पण सूर होता. बाईंनी मध्येच पट्टी बदलायला सांगितली, मुलांनी बदलली. त्यांनी एका मुलीला एकटीला गायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. जाताना त्या ओव्हाळांना म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना मी ऐकायला हवं होतं."

ओव्हाळ सर त्या दिवशी पहिल्यांदाच काही न वाजवता पुढच्या खोलीत शिरले.

आमचा विभाग वाचला असं आम्ही सगळे समजलो, आणि तो वाचलाही. पण अहवाल ऐकलेल्या गाण्यावर लिहीत नाहीत, जोडलेल्या कागदांवर लिहितात. आणि तो लिहायचं काम पॉइंटवर जायची घाई असलेल्या सदस्यांकडे होतं. अहवालाच्या एकाच पानावर दोन वाक्यं आली. पहिलं: दुर्मीळ अशा इंद्रायणी घराण्याचं जतन हा महाविद्यालयाचा अनुकरणीय उपक्रम असून त्यासाठी स्वतंत्र अध्ययन केंद्र उभारावं. दुसरं: आवश्यक शैक्षणिक अर्हता नसलेल्या व्यक्तींकडे अध्यापन सोपवू नये.

प्राचार्यांनी पहिलं वाक्य फ्रेम करून व्हरांड्यात लावलं आणि दुसऱ्याची अंमलबजावणी केली. इंद्रायणी घराणे अध्ययन केंद्राचे संचालक म्हणून डॉ. केसकरांची नेमणूक झाली. इंद्रायणी घराण्याचा जगातला एकमेव माणूस प्रमाणपत्र नसल्यामुळे घरी गेला.

निरोप देताना प्राचार्य म्हणाले, "ओव्हाळ, वाईट वाटून घेऊ नका. घराण्याचं काम आम्ही पुढे नेऊ."

"न्या की," ओव्हाळ म्हणाले. "पर जपून न्या. लय जुनं हाय, मार्च म्हयन्यापास्नंचं."

मी तिथंच उभी होते. मी काही बोलले नाही. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, हे कारण मी त्या वेळी स्वतःला दिलं. ते खरंही होतं. खरं कारण असलं की गप्प बसणं फार सोपं जातं.

दीड-दोन महिन्यांनी एका रविवारी मी भाज्याला गेले. मळवलीला उतरले तर लेणी बघायला आलेल्या पोरांची झुंबड, गळ्यात मोठाले स्पीकर. ओव्हाळ सर पडवीत एका पेटीची सूरपट्टी उघडून बसले होते. त्यांनी मला पाणी दिलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि पुन्हा कामाला लागले.

"सर, मी माफी मागायला आले," मी म्हणाले. "तुमची नोकरी माझ्या त्या लिहिण्यामुळं गेली."

"नोकरीचं सोडा. पेट्या येत्यात दुरुस्तीला. रिसॉर्टवाला बी बोलवतो." त्यांनी स्क्रू फिरवायचा थांबवला. "तुमचा राग आलाय मला, पर तो नोकरीचा न्हाई. आबांचं नाव घातलं न्हाई, जागा कमी पडली म्हनलात. चार पानं हुती, मॅडम."

चहा आला, तो मी नुसता हातात धरून बसले. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "वही हाय का पिशवीत?" होती. मग दुपारपर्यंत ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. केरू ओव्हाळ कसे गावोगाव पायी जलशाला जात, घसा बसला की कसे नुसत्या ढोलकीवर गाणं तोलून धरत, मुलाची बोटं गेल्यावर रडायचं सोडून त्यांनी कुठून तरी मोडकी पेटी कशी पैदा केली आणि म्हणाले, "हिला तुजं हाय तेवढं पुरतंय." या वेळी मी एकही शब्द सुधारला नाही.

मी निघणार तेवढ्यात पायरीशी एक माणूस येऊन उभा राहिला. मफलरवरून मी ओळखलं. डॉ. केसकर. मला पाहून ते इतके दचकले की परत फिरणारच होते.

"या, या, डाक्टर," ओव्हाळ म्हणाले. "मॅडम घरच्याच हायत."

केंद्राच्या उद्‌घाटनाला संचालकांनी इंद्रायणी घराण्याचं गायन सादर करायचं ठरलं होतं, पत्रिका छापून गेल्या होत्या, आणि घशाच्या विश्रांतीला मुदतवाढ द्यायला प्राचार्य तयार नव्हते. म्हणून केसकर गेले तीन रविवार इथं येत होते. ते आत हातपाय धुवायला गेले तेव्हा मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं, "तुमच्या जागेवर बसलाय तो माणूस, सर. त्यालाच शिकवताय?"

"मग काय करू? माझी पोरं आता त्यांच्याम्होरं बसत्यात," ओव्हाळ म्हणाले. "त्यांचा सा हालतो. रोज तो कानावर पडला तर पोरांचा बी हालंल. आदी ह्यांचा सरळ केला पायजे."

केसकर येऊन सतरंजीवर बसले. ओव्हाळांनी हात पुढे केला. केसकरांनी निमूट मफलर काढून त्या हातात दिला. मफलरशिवाय ते एकदम लहान दिसले, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखे. पेटीचा सूर सुरू झाला. केसकरांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

ओव्हाळांनी भाता थांबवला नाही.

"लाजू नका, डाक्टर," ते म्हणाले. "हितं तुमचा परिचय कुनी वाचलेला न्हाई."

केसकर हसले. मनापासून, पोट धरून हसले, आणि हसून झाल्यावर त्यांनी सा लावला. तो थोडा हलला, मग पेटीला जाऊन टेकला आणि तिथंच राहिला. ओव्हाळ मान खाली घालून ऐकत होते.